शब्द आधी मुरू द्या, मग वाक्य

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. नंदुरबार जिल्ह्यात त्याचा अर्थ वेगळा होतो. इथल्या कितीतरी मुलांच्या घरी पावरी, मावची, भिलोरी किंवा अहिराणी बोलतात. मराठी शाळेत भेटते आणि इंग्रजी त्याच्याही पुढे. ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न मात्र सगळ्यांना सारखाच.

‘बॉर्डर’ शब्द आला की वहीत उतरतं : ‘धिस इज अ बॉर्डर.’ चूक काहीच नाही, गुणही मिळतात. पण बॉर्डर काढून तिथे बकेट घाला, वाक्याला काही फरक पडत नाही. ज्या वाक्यात कुठलाही शब्द चालतो, त्यातून तो शब्द शिकला जात नाही.

आता नवापूरचं रेल्वे स्टेशन घ्या. थोडं महाराष्ट्रात, थोडं गुजरातेत. ‘द बॉर्डर बिट्वीन महाराष्ट्र अँड गुजरात रन्स थ्रू नवापूर स्टेशन.’ इथे बकेट बसणार नाही. शिवाय बॉर्डरसोबत ‘बिट्वीन’ येतं, ती ‘रन’ होते, हेही आपोआप हाती लागतं. नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मोकळ्या जागेत, तर ‘स्प्रेड’ डोळ्यांसमोरच असतो : ‘द वर्कर्स स्प्रेड द चिलीज इन द सन.’ मिरच्या काल पसरल्या असल्या तरी ‘स्प्रेड’च, ‘स्प्रेडेड’ नाही. ज्याच्या घरचं कुणी पथारीवर कामाला जातं, त्या मुलाला हे नियम म्हणून घोकावं लागत नाही.

स्वतः घडवलेलं जास्त लक्षात राहतं, हे स्लामेका आणि ग्राफ यांनी १९७८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. तरी घाई नको. जो बारक्रॉफ्ट यांच्या २००४ च्या अभ्यासात स्पॅनिश शिकणाऱ्यांना अगदी नवे शब्द चित्रांसह दाखवले होते. ज्यांना त्याच वेळी वाक्यंही लिहायला लावली, त्यांच्या लक्षात कमी शब्द राहिले. सगळं लक्ष वाक्य जुळवण्यात गेलं की शब्दाचं रूप मनात ठसायला जागा उरत नाही. म्हणून धडा शिकवला त्याच संध्याकाळी दहा शब्दांची दहा वाक्यं, हा गृहपाठ मला उलटा वाटतो. आधी शब्द ऐकू द्यावा, वस्तू किंवा चित्र दाखवून ओळखू द्यावा, दोन-चार दिवस तोंडात फिरू द्यावा. वाक्य त्यानंतर.

आणि ते वाक्य आधी घरच्या बोलीत होऊ द्यावं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, कारण भाषांतर त्यांच्या स्वतःच्या भाषेतून होत होतं. धडगावच्या पावरी मुलाला तीच वाट मराठीतून धरायला लावली, तर त्याला दोनदा भाषांतर करावं लागतं. त्यानं पावरीत सांगावं, शेजारच्या मुलानं दुरुस्त करावं, मग इंग्रजीत उतरवावं. बाईंना पावरी येत नसेल तरी अडत नाही. वर्गात ती येणारी मुलं आहेतच.