रस्त्याकडेचा दगड कोणाची बाजू सांगतो?

दरवर्षी 1 जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. तिथला विजयस्तंभ इंग्रजांनी आपल्या लष्कराच्या गौरवासाठी उभारला. पण त्यावर कोरलेल्या नावांत शेवटी 'नाक' असलेली नावे आहेत, ती आपल्या पूर्वजांची. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि त्या दगडाकडे पाहण्याची आपली नजर बदलली. दगड तोच राहिला, वाचणारे बदलले.

दगडावर कोणते शब्द कोरायचे यासाठी दुसऱ्या एका समाजाला किती काळ झगडावे लागले, ते आज आम्ही सांगणार आहोत. हे उदाहरण अमेरिकेचे आहे.

अमेरिकेत महामार्गांच्या कडेला हजारो ऐतिहासिक फलक आहेत. पश्चिमेकडच्या राज्यांत त्यांतले बरेचसे 'फ्रंटियर'च्या काळाचे आहेत. फ्रंटियर म्हणजे गोऱ्यांच्या वसाहतींची पश्चिमेकडे सरकत जाणारी सीमा. या भागातला पहिला रहिवासी, पहिली शाळा, पहिले चर्च अशी माहिती त्यांवर असते. 'पहिला' हा शब्द साधा वाटतो, पण तिथे आधीपासून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना तो एका फटक्यात पुसून टाकतो.

कोलोरॅडो राज्यातल्या सँड क्रीक इथे 29 नोव्हेंबर 1864 रोजी शायएन आणि अरापाहो आदिवासींची छावणी होती. प्रमुख ब्लॅक केटल यांनी सरकारशी शांततेची बोलणी केली होती. त्यांनी अमेरिकेचा झेंडा आणि सोबत पांढरे निशाणही फडकावले होते. तरीही कर्नल जॉन चिव्हिंग्टन सुमारे 675 सैनिक घेऊन या छावणीवर तुटून पडला. सुमारे 230 माणसे मारली गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे होती.

कॅप्टन सायलस सूल या अधिकाऱ्याने आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. पुढे त्याने चौकशीत साक्ष दिली. त्यानंतर एप्रिल 1865 मध्ये डेन्व्हर शहरात त्याचा खून झाला. संसदेच्या समितीने चौकशी करून या कृत्याचा कडक निषेध केला. त्याच वर्षीच्या करारात सरकारने अन्याय मान्य करून भरपाईचे वचन दिले. पण चिव्हिंग्टनला शिक्षा झाली नाही.

म्हणजे सत्य 1865 मध्येच सरकारी कागदावर आले होते. आता दगडांवर काय आले ते बघा. 1909 मध्ये डेन्व्हरच्या विधानभवनासमोर सैनिकाचा पुतळा उभा राहिला. त्याखालच्या लढायांच्या यादीत सँड क्रीकचेही नाव होते. 1950 मध्ये प्रत्यक्ष जागेवर बसवलेल्या दगडावर 'सँड क्रीक रणभूमी' असे कोरले गेले. महामार्गालगतच्या दुसऱ्या फलकावर शीर्षक होते: 'लढाई' की 'हत्याकांड'? 85 वर्षांपूर्वी सरकारने स्वतः कबूल केलेली गोष्ट दगडावर मात्र प्रश्नचिन्ह होऊन बसली.

हे चित्र बदलले ते वंशजांमुळे. घराघरांत आजी-आजोबांकडून ऐकलेल्या आठवणी त्यांनी नोंदवल्या आणि जागेचा शोध घेण्यात भाग घेतला. 1999 पासून दरवर्षी स्मृतिदौड सुरू झाली. 2000 मध्ये कायदा झाला आणि 2007 मध्ये राष्ट्रीय स्मारक खुले झाले. त्याच्या अधिकृत नावातच 'हत्याकांड' हा शब्द आहे.

पुतळ्याखालच्या यादीचे प्रकरण तर आणखी विचार करायला लावणारे आहे. विधिमंडळाने यादीतून सँड क्रीकचे नाव काढून टाकायचे ठरवले, तेव्हा आदिवासी प्रतिनिधींनीच त्याला हरकत घेतली. नाव खोडले की खोटेपणाचा पुरावाही जातो, म्हणून खरे काय घडले ते शेजारी लिहा, अशी त्यांची भूमिका होती. 2002 मध्ये तसा फलक लागला. पुढे 2020 च्या आंदोलनात तो पुतळाच पाडला गेला.

एका नावासाठी किती किंमत मोजावी लागते, हे नामांतराचा लढा पाहिलेल्या समाजाला वेगळे सांगायला नको. म्हणून तरुण मित्रांनो, कोणताही फलक वाचताना चार प्रश्न विचारा. तो कोणी लावला? कधी लावला? घटनेला कोणते नाव दिले? आणि त्यात कोणाचे नाव नाही?

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक गोष्ट सतत जाणवते. आपल्या गावची पाणवठ्याची चळवळ, पहिले बुद्ध विहार, बहिष्काराचे दिवस हे सारे अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. प्रत्येक पावसाळ्यात त्यांतली काही माणसे जातात आणि त्यांच्यासोबत साक्षही जाते. हातातल्या मोबाईलवर त्यांचे बोलणे आजच रेकॉर्ड करा. तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे पूर्ण नाव लिहून ठेवा. जुनी पत्रके, पावत्या आणि फोटो जपा.

उद्या आपल्या गावात फलक लागेलच. आपली नोंद तयार नसेल, तर त्यावरचे शब्द दुसरे कोणीतरी ठरवेल.

जय भीम!