राज्य कोणी निर्माण केले आणि कशासाठी?

सरकारी कागद हाती पडला की आपल्यातील अनेकांचे हात नकळत जोडले जातात. शासन म्हणजे वरून आलेली शक्ती, ही समजूत अजून गेलेली नाही. म्हणून मुळापासून विचार करू.

राज्य आणि शासन एक नव्हेत. भूप्रदेश, लोक, शासन आणि सार्वभौम सत्ता मिळून राज्य बनते. शासने बदलतात, राज्य टिकते.

राज्याचा उगम कसा झाला? राजा ईश्वराचा अंश आहे, असे एक मत. बलवानाने दुर्बलांवर सत्ता लादली, हे दुसरे. लोकांनी आपसांत करार केला, हे तिसरे. बी.ए.च्या वर्गात आम्ही हॉब्ज (१६५१) आणि रूसो (१७६२) यांच्या नावे हे करारमत शिकलो. परंतु त्यांच्या कितीतरी शतके आधी दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात भगवान बुद्धांनी वासेट्ठ व भारद्वाज यांना राज्याच्या उगमाची कथा सांगितली आहे.

प्रारंभी भात आपोआप उगवत असे. लागेल तेवढे लोक नेत. एका आळशाने दोन वेळचे एकदम आणले. त्याचे पाहून इतर साठा करू लागले. तेव्हा कापलेले भात पुन्हा उगवेना. मग शेते वाटली, बांध घातले. एकाने आपले राखून दुसऱ्याचे उचलले. चोरी आली, तिच्यामागून खोटे बोलणे आणि मारहाण आली. तेव्हा लोक एकत्र जमले. त्यांनी आपल्यातीलच एका समर्थ माणसाला निवडले. अपराध्याला योग्य तो दंड त्याने करावा आणि लोकांनी त्याला आपल्या भातातील वाटा द्यावा, असे ठरले. पुष्कळांनी संमत केलेला म्हणून तो 'महासंमत'.

हा सनावळीचा इतिहास नव्हे. पण यातील तत्त्व स्पष्ट आहे. राजा आकाशातून उतरला नाही. तो लोकांतलाच, लोकांनी नेमलेला आणि लोकांच्या भातावर जगणारा. आम्ही बँकेतील माणसे हे सहज समजू शकतो. तिजोरीची किल्ली रोखपालाकडे असते. म्हणून पैसा त्याचा होत नाही.

मात्र दंड करणे एवढेच राज्याचे काम काय? कूटदंत सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की, चोरांना मारून, बांधून उपद्रव थांबत नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला वेतन द्यावे. तेव्हा लोक निर्भयपणे दारे उघडी ठेवून राहतात. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात तर निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हत्या, अशी साखळीच दाखविली आहे.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या भारतीय संविधानातही हाच आशय आढळतो. कलम ३८ प्रमाणे सामाजिक, आर्थिक व राजकीय न्यायावर आधारलेली समाजव्यवस्था प्रस्थापित करण्यासाठी झटणे, हे राज्याचे कर्तव्य आहे. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढ नागरिकाला, जात, धर्म वा लिंग न पाहता, मताचा अधिकार दिला. महासंमत निवडणारी ती सभा आज आपणच आहोत.

विद्यार्थी मित्रांनो, कचेरीत जाताना नम्रता जरूर असावी, लाचारी नसावी. भातातील वाटा आपण देतो. त्याचा हिशेब मागणे हा उद्धटपणा नसून आपले कर्तव्य होय.