माळव्याच्या गाण्यात राग शोधणारा गवई

भाद्रपद पौर्णिमा झाली की आमच्या लोधीखेड्यात संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवरून भुलाबाईची गाणी ऐकू यायची. माझ्या आजीला अशी कितीतरी गाणी पाठ होती. त्यांची भाषा पुस्तकी मराठी नव्हे, मधेच हिंदी शब्द डोकावायचा. शिकायला नागपूरला गेलो तेव्हा वर्गातली मुलं आमच्या बोलीला हसत, आणि मलाही आजीच्या गाण्यांची लाज वाटे. ती लाज गेली पं. कुमार गंधर्वांमुळे.

कुमारजींचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावचा. मूळ नाव शिवपुत्र, घरची भाषा कानडी. मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे ते शिकले आणि पोरवयातच नावाजले गेले. १९४७ साली भानुमतीबाईंशी लग्न झालं आणि पाठोपाठ क्षयाचं निदान झालं. मुंबईची दमट हवा सोडून १९४८ च्या जानेवारीत हे जोडपं आपल्याच मध्यप्रदेशातल्या देवासला आलं. गाणं बंद! गवयाला याहून मोठी शिक्षा कोणती? भानुमतीबाई शाळेत शिकवून घर चालवीत होत्या, नवऱ्याची शुश्रूषाही करीत होत्या. या बाईंविषयी आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं, असं मला नेहमी वाटतं.

अंथरुणावर पडल्या पडल्या कुमारजी ऐकत राहिले. दारावरून जाणाऱ्या बायांची गाणी, लग्नातली, पावसाळ्यातली, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजनं. पुढे स्ट्रेप्टोमायसिनने गुण आला, १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. पण एक फुप्फुस कायमचं निकामी झालं होतं. लांब श्वासाची तान गेली, तिच्या जागी छोट्या, धारदार स्वरावली आल्या.

लोकगीत मैफलीत गाणारे पुष्कळ असतात. ठुमरी-दादऱ्यानंतर तोंडी लावायला एखादं गावरान गाणं, टाळ्या, संपलं. कुमारजींनी तसं केलं नाही. बायांच्या गाण्यात चार-पाचच स्वर असतात, ओळही तीच तीच फिरते. पण त्या स्वरांच्या विशिष्ट वळणातच रागाचं बी आहे, असं त्यांना दिसलं. राग आधी आणि धून मागाहून, असं नसून धुनेतूनच राग उगवतो, हे त्यांचं म्हणणं. अशा रागांना त्यांनी ‘धुनउगम’ राग म्हटलं. संजारी, मालवती, लगनगंधार, सहेली तोडी ही त्यांतली काही नावं. मधसुरजा हा ऐन दुपारचा राग. त्यातल्या बंदिशीत बळी द्यायला नेलेली बकरी देवीपुढे गाऱ्हाणं घालते, घरी तिचं पिलू एकटं आहे. दरबारी विषय सोडून ख्यालात बकरी आली, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला.

१९६५ साली ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह निघाला. कितीतरी बंदिशी माळवी बोलीत आहेत. घराण्याची शिस्त मोडली म्हणून जाणकारांनी नाकंही मुरडली. १९९० साली पद्मविभूषण मिळालं आणि १२ जानेवारी १९९२ ला देवासलाच ते गेले. कानडी घरातला माणूस, मराठी संसार आणि माळवी गाणं! आम्हा सीमेवरच्या लोकांना याचं अप्रूप वाटायला नको.

आजी गेली तेव्हा मी प्राध्यापक झालो होतो. घरात टेपरेकॉर्डर होता, पण तिचं एकही गाणं मी भरून ठेवलं नाही. गेल्या वर्षी मोठ्या काकूसमोर मोबाईल धरला आणि म्हटलं, "काकू, आजीचं ते भुलाबाईचं म्हणा न." काकू लाजल्या, मग पदर सावरून त्यांनी तीन ओळी म्हटल्या आणि थांबल्या. "पुढचं तुझ्या आजीलेच येत होतं रे," म्हणाल्या. त्या तीन ओळी मी नोटेशनसह वहीत उतरवून घेतल्या आहेत. आता शेजारच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांकडे जायचं आहे, संत्र्याचा तोडा आटोपला की.