गोधडीचा भर : टाका घालण्यापूर्वीची मेहनत

जोयडा तालुक्यातील दिग्गी हा काळी नदीच्या उगमाकडचा, सह्याद्रीच्या रानातील गाव. गोव्याची सीमा येथून जवळ असली तरी किनाऱ्यावरची उबदार रात्र येथे नाही. हिवाळ्यात गारठा आणि पावसाळ्यात सततची ओल अशा हवेत पांघरुणाची निवड ही घराच्या सोयीची गोष्ट ठरते. गोधडी येथे आणि एकूणच या पट्ट्यात टिकून राहिली ती त्यामुळेच. मात्र तिच्याविषयी बोलताना सगळे कौतुक वरच्या ठिगळांच्या रंगसंगतीला मिळते. ऊब देणारा मधला थर, म्हणजे भर, दिसत नाही म्हणून दुर्लक्षिला जातो.

हा भर दोन प्रकारचा असतो. रजई किंवा दुलईत पिंजलेला कापूस घालतात, तर गोधडीत जुन्या कापडाचेच थर असतात. उत्तर कन्नडमधील सिद्दी समाजाची ‘कवंदी’ याच दुसऱ्या जातीची. आफ्रिकी वंशाच्या या समाजातील अनेकांचे पूर्वज पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले आणि तेथून निसटून घाटावरच्या जंगलात स्थिरावले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांत त्यांची वस्ती आहे आणि घरात आजही कोकणी बोलली जाते. कवंदी शिवणारी स्त्री कडेपासून सुरुवात करून ठिगळे जोडत मध्याकडे सरकते. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ बसल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. वेगळा कापूस नसल्याने एकमेकांवर चढणारी ठिगळे आणि खालची साडी यांचीच जाडी उपयोगी पडते.

कापडाच्या भरासाठी नऊवारी लुगड्याइतके सोयीचे दुसरे काही नव्हते. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे, चार पदरी आणि एका माणसाला पुरेसे पांघरूण तयार. पाचवारी साडीच्या दोन घड्या पुरेशा लांब होतात, पण पदर दोनच मिळतात. तीन घड्या केल्या तर लांबी पावणेदोन मीटरही भरत नाही. मग दुसरी साडी जोडावी लागते, आणि जोड सर्व थरांत एकाच जागी आला तर तेथे उंचवटा होऊन सुई अडते. म्हणून जोड मागेपुढे ठेवावेत.

कापड निवडताना हूक, बटणे, जाड काठ आणि शिवणी काढून टाकाव्यात. नंतर ते धुऊन कडक उन्हात वाळवावे. सुती कापड धुतल्यावर आटते, आणि कापडागणिक आटण्याचे प्रमाण वेगळे असते. न धुतलेला नवा तुकडा जुन्या, पुरेशा आटलेल्या कापडाबरोबर शिवला तर पहिल्याच धुण्यात गोधडी सुरकुतते. गडद कापडाचा रंग सुटतो का, हे ओला पांढरा फडका दाबून पाहावे. ओलसर राहिलेला थर आत अडकला तर बुरशी आणि कुबट वास आलाच. आपल्याकडे हे काम मार्गशीर्षापासून पुढच्या कोरड्या दिवसांतच उरकलेले बरे.

आजची खरी अडचण कापडाच्या जातीची आहे. घरातील जुन्या साड्या आता बहुधा पॉलिस्टरच्या असतात. त्या घाम शोषत नाहीत, थर निसटतात आणि चुलीजवळ किंवा शेकोटीपाशी निजणाऱ्याला त्यांचा धोकाही असतो. कारण ठिणगी पडताच हा धागा वितळून कातडीला चिकटतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. दोन-चार धागे चिमट्यात धरून पेटवावेत. सुताला जळक्या कागदाचा वास येऊन मऊ राख उरते, पॉलिस्टरची मात्र कठीण गुठळी होते. लहान मुलांच्या गोधडीसाठी एवढी परीक्षा टाळू नये.

पिंजलेल्या कापसाचे शास्त्र निराळे. सरकी काढलेला कापूस पिंजताना तंतू सुटे होऊन त्यांत हवा अडकते, आणि ऊब या अडकलेल्या हवेचीच असते. वर्षानुवर्षांच्या वापराने कापूस दबतो, गोळे होतात. अशी रजई धुण्यापेक्षा उन्हात टाकणे आणि पुढे उसवून पुन्हा पिंजून घेणे योग्य. पिंजाऱ्यांचा फेरा दुर्मीळ झाल्याने हे आता सांगणे सोपे, करवून घेणे अवघड.

बाजारातील तयार सुती थराची गुंडाळी घेतली तर ती आदल्या दिवशी उलगडून पसरून ठेवावी, म्हणजे घड्या बसतात. हा थर धुतल्यावर साधारण 3 ते 5 टक्के आटतो. मात्र पाण्यात बुडवून पिळल्यास तो फाटण्याचा संभव असतो, त्यामुळे वेष्टनावरील सूचना आधी वाचावी. वरच्या कापडापेक्षा तो प्रत्येक बाजूने दोन-तीन इंच मोठा कापावा. शिवताना सगळेच आत ओढले जाते.

शेवटी जमिनीवर खालचे कापड ताठ अंथरून, मध्यापासून कडेकडे हात फिरवत भर पसरावा आणि वरचे कापड घालून कच्चे टाके मारावेत. मग धावदोरा घालावा. मोकळ्या कापसासाठी दोन ओळींत दोन-तीन इंचांहून अधिक अंतर नको, अन्यथा भर एका बाजूला जमतो. कापडी थरांना ही भीती नसते. तरीही जुन्या बायका बोटभर अंतरावर ओळी घालत, कारण विरलेल्या लुगड्याला धरून ठेवणारे तेवढेच असते.