नवी गाडी आणि चाळीसचा काटा

दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी गाडी दारात आली की पेढ्यांबरोबर सल्लेही वाटले जातात. सगळ्यांत लाडका सल्ला काकांचा: “पहिले हजार किलोमीटर काटा चाळीसच्या वर जाऊ देऊ नकोस.”

बजाज स्कूटर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात तो अगदीच चुकीचा नव्हता. तेव्हा इंजिनाचे भाग आजच्याइतक्या काटेकोर मापाचे नसत, ऑइलही साधं असे. आज सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच बारीक तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा मारलेल्या असतात. त्यांत ऑइल टिकून राहतं. पिस्टनच्या रिंगा या भिंतीवर घासत आपली जागा धरतात. मेकॅनिक म्हणतात, ‘रिंगा बसल्या’. आता गंमत अशी, की रिंग भिंतीवर दाबली जाते ती नुसत्या स्वतःच्या ताणाने नाही. इंधन जळल्यावर तयार होणारा वायू रिंगच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो, आणि हा दाब अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे अतिलाडाने रिंगा लवकर बसतात असं नाही, उलट रेंगाळू शकतात.

त्यातही वाईट म्हणजे चाळीस पाळण्याच्या नादात पाचव्या गिअरमध्ये गाडी घरघरत ओढणं. वेग कमी दिसतो, पण इंजिनावर ताण जास्त येतो. खालचा गिअर टाका. इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत, फेरे आणि भार कळतो.

याच्या दुसऱ्या टोकाला शोरूममधलं वाक्य: “आताच्या गाड्यांना रनिंग-इन लागतच नाही.” मग गाडीसोबतच्या पुस्तिकेत त्याची सूचना कशाला असते? होंडा सांगते, पहिले 300 किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका आणि पहिले 1000 किलोमीटर एकदम वेग घेऊ नका. टोयोटा म्हणते, सुरुवातीला फार वेळ एकाच वेगाने चालवू नका. तेव्हा डिलिव्हरी घेतल्या घेतल्या एक्स्प्रेसवेवर क्रूझ कंट्रोल लावून निवांत बसण्यापेक्षा पुण्याहून लोणावळ्याला जुन्या हायवेने जाणं बरं. गिअर बदलतील, वेग वर-खाली होईल, इंजिनाला हवं ते मिळेल.

सकाळी दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवणारे शेजारी सगळ्या सोसायट्यांत असतात. थंड इंजिनाला जास्त इंधन दिलं जातं आणि त्यातलं थोडं न जळता ऑइलमध्ये उतरतं. अर्ध्या मिनिटात निघा, पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा. इंजिन चालता चालताच लवकर तापतं.

पहिल्या फ्री सर्व्हिसला ऑइल बदलतात, ही समजूतही तशीच. बहुतेक कंपन्यांत हजार किलोमीटरची सर्व्हिस म्हणजे फक्त तपासणी असते. होंडा तर कारखान्यातून भरलेलं ऑइल ठरलेल्या वेळेआधी बदलूच नका म्हणते. काउंटरवर ‘इंजिन कोटिंग’ किंवा ऑइलमध्ये घालायचं औषध गळ्यात मारू लागले, तर पुस्तिकेत ते कुठे लिहिलंय एवढंच विचारा.

इलेक्ट्रिक गाडीला रिंगा नाहीत, हे खरं. पण टायर आणि ब्रेक पॅड तिथेही नवेच असतात. पहिले काहीशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून थोडं जास्त अंतर ठेवा, पावसात तर नक्कीच. आणि बीएस-6 डिझेल घेतली असेल, तर ‘नवी आहे, जपू’ म्हणून फक्त भाजीला नेऊ नका. धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ती जाळायला मोकळ्या रस्त्यावरची सलग धाव लागते.

रिंगा बसेपर्यंत पेट्रोल आणि डिझेल इंजिन थोडं ऑइल खाऊ शकतं. म्हणून महिन्यातून दोनदा गाडी सपाटीवर उभी करा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असलं पाहिजे. खालच्या खुणेशी आलं असेल, तर सर्व्हिसच्या तारखेची वाट बघू नका.