दुसऱ्या कानाची शिकवणी

"आज डावा कान बंद हं," असं म्हणत थेरपिस्ट ताईंनी मुलीच्या केसांतून डाव्या बाजूची कॉईल काढली. चुंबकावर धरलेली ही गोल चकती सुटली की त्या बाजूचा आवाज तत्क्षणी जातो. मुलगी सहा वर्षांची, जन्मापासून दोन्ही कानांनी बहिरी. डाव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसलं ते दीड वर्षाची असताना. उजव्या कानात बसायला पाच वर्षं पूर्ण व्हावी लागली. तोवर घरचे पैसे जमवत होते. डाव्या कानाच्या जोरावर ती आज मराठी बोलते, भांडते, पाढे म्हणते. उजव्याची शिकवणी अजून चालू आहे.

ताई तिच्या उजव्या बाजूला, जराशा मागे बसल्या. हातात भरतकामाची लाकडी रिंग, त्यावर ताणलेलं पातळ कापड. ती तोंडासमोर धरली की ओठ दिसत नाहीत, आवाज मात्र अडत नाही. आ, ऊ, ई, म, श, स. डॅनियल लिंग यांनी बसवलेल्या या सहा आवाजांच्या चाचणीत बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचं सगळं येतं. आवाज आला की मुलीने खेळण्यातल्या खांबात एक चकती टाकायची. सहाच्या सहा वेळा चकती पडली, अगदी हळू म्हटलेल्या 'स'लासुद्धा.

मग चित्रं मांडली. कान, पान, हात, सात.

"पान दे."

तिने हाताचं चित्र उचललं.

"पान."

आता कानाचं. तिसऱ्यांदा तिने चित्रांकडे पाहिलंच नाही, टेबलावरची डावी कॉईल ओढली. "ताई, हा लाव. तो नको."

ताईंनी कॉईल बाजूला ठेवली, तिला जवळ घेतलं आणि पुन्हा 'पान' म्हटलं, या वेळी लांबवून.

अशा मुलांच्या पालकांना सगळ्यात जास्त चटका बसतो तो इथे. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावर, उजवा कान चांगला आहे, हळू आवाजही टिपतो. उपकरणात दोष नाही, शस्त्रक्रियेतही नाही. पण इम्प्लांट मज्जातंतूला फक्त विजेचे स्पंद देतं. त्यांतून शब्द ओळखायला मेंदूने शिकायचं असतं, आणि हे शिकण्याची सर्वांत मोठी ताकद पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत असते. टोरोंटोच्या सिककिड्स रुग्णालयात कॅरन गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूतले प्रतिसाद मोजले. एकाच कानावर दीड वर्षापेक्षा जास्त काळ गेला, तर मेंदू त्या कानाकडे झुकतो आणि नंतर आलेला कान मागे पडतो, असं त्यांना दिसलं. या मुलीच्या बाबतीत मधलं अंतर साडेतीन वर्षांचं होतं.

थेरपीनंतर मॅपिंग. ऑडिओलॉजिस्टने उजव्या कानाच्या बाहेरच्या मशीनला, म्हणजे प्रोसेसरला, केबल जोडली आणि एकेक इलेक्ट्रोड तपासत किती करंटला आवाज लागतो, किती करंटला तो मोठा पण सोसवेल इतका होतो, हे पाहिलं. मग दोन्ही मशीनं एकत्र सुरू करून पातळ्या किंचित खाली आणल्या, कारण दोन्ही कानांनी मिळून ऐकताना तोच आवाज मोठा वाटतो.

दोन्ही मशीनं चालू असताना आई मागून, उजवीकडून हळूच हाक मारते. मुलगी बरोबर उजवीकडे वळते. केवळ डाव्या कानावर ती नेहमी डावीकडेच बघायची, असं आई सांगते. बाजूने आलेला आवाज दूरच्या कानाला जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाइतका उशिरा पोचतो, आणि डोक्याच्या आडोशामुळे थोडा क्षीण होऊन. दोन प्रोसेसर आपापले स्वतंत्र चालतात, त्यामुळे वेळेचा तो बारीक फरक बहुतांशी हरवतो. ही मुलं भिस्त ठेवतात ती आवाजाच्या कमी-जास्तपणावर. म्हणून ऐकू येणाऱ्या मुलाइतकी अचूक दिशा त्यांना कळत नाही. पण रस्त्यावर गाडी कोणत्या बाजूने येतेय, एवढं कळलं तरी जीव वाचतो. वर्गातही तेच: गोंगाट एका बाजूला असला की दुसऱ्या बाजूचा कान कामी येतो. शांत खोलीत एका इम्प्लांटवर छान बोलणारं मूल पाहून "एक कान पुरे" म्हणणाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात तासभर बसून पाहावं.

ब्रिटनमध्ये उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या नाइस या संस्थेने 2009 सालीच मुलांना दोन्ही कानांत एकाच वेळी इम्प्लांट देण्याची शिफारस केली. आपल्याकडे केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या एडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळतं, आणि त्याने हजारो घरांत बोलणं आणलं, हे मोलाचंच. पण ते एका कानासाठी. दुसऱ्याचा खर्च आई-बापांवर, आणि ते पैसे साठवेपर्यंत मुलाची नेमकी तीच वर्षं निघून जातात. सरकारने दुसरा कान चैन समजू नये. किमान अगदी लहान वयात निदान झालेल्या मुलांना दोन्ही इम्प्लांट द्यावीत.

आणि पालकांनो, उशीर झाला असला तरी दुसऱ्या कानाचं मशीन कपाटात टाकू नका. ते रोज थोडा वेळ एकटंच लावा, पहिलं काढून ठेवून, मूल रडलं तरी. पहिल्या शस्त्रक्रियेची तारीख अजून ठरायची असेल, तर दुसऱ्या कानाचं काय, हे डॉक्टरांना त्याच बैठकीत विचारा.