अंगणवाडीत गेल्यावर काय बघायचं?

गटाच्या बैठकीत अंगणवाडीचा विषय निघाला की आधी रंगवलेल्या भिंतींचं कौतुक होतं. रंग हवाच, पण त्यानं पोराचं वजन वाढत नाही.

आधी वजनकाटा बघा. रिकामा असताना तो शून्यावर येतो का? वजन दर महिन्याला झालं पाहिजे आणि आकडा आईला दाखवला पाहिजे. मागच्या महिन्याइतकाच किंवा कमी असला, तर तिथंच विचारा. मग दंडाची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. पोर हसतंखेळतं दिसलं तरी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. "आमच्यात सगळीच बारीक असतात" हे उत्तर घेऊ नका, सासूबाईंचं असलं तरी.

आपला भाग आदिवासी. म्हणून अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत इथल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस गरम आहार, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी ठरलेली आहेत. कागदावर काय लिहिलंय ते वाचाच, पण पोरांनाही विचारा, "काल काय खाल्लं?"

माल वरूनच आला नसेल तर सेविकाताईंशी भांडू नका. गटाच्या नावानं अर्ज लिहा, पर्यवेक्षिकेला द्या, एक प्रत घोडेगावच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना. पोच मात्र सही-शिक्क्यासह घ्या.